वालजीभाईच्या छकड्याचे पाटे

शामत मिस्त्रीच्या दुकानी कंकूबेन आली ती दोन माठ काखोटीला मारूनच. छकड्याला स्प्रिंगचे पाटे निवडायचे तर त्यावर चढणारा माल बरोबर हवा, असा तिचा सरळ हिशोब. पोलक्याचं कापड घ्यायला जाताना आपण साडी नेतोच ना, तसं.

नवरा वालजीभाई आधीच येऊन बशीतून चहा पीत बसला होता. समोर त्यांचा तीनचाकी छकडा अर्धामुर्धा उभा होता. पुढचं धड जुन्या बुलेटचं, इंजिनासकट. मागे नुसता लोखंडी सांगाडा. शामतनं दोन डिफरन्शियल भुईवर मांडले होते. एक मोडीतल्या जीपचा, कलिंगडाएवढा गोळा. दुसरा रिक्षाचा, नारळाएवढा.

"हे हवंच का पण?" कंकूबेननं विचारलं.

"नसलं तर वळणावर मागची दोन्ही चाकं सारखीच पळायला बघतात, बेन, आणि गाडी सरळ शेतात. हे असलं की आतलं चाक जरा दमानं घेतं, बाहेरचं पुढे जातं. नवरा-बायकोचा संसारच म्हणा."

"त्यात दमानं घेणारं कोण, तेवढं सांग."

"ते घरोघरी वेगळं!"

कंकूबेन हसली. माठ खाली ठेवून म्हणाली, "मग हा नारळ घाल, आणि पाटे मऊ. मागच्या उन्हाळ्यात भाड्याच्या छकड्यातून जत्रेला माल नेला, तर निम्मी खापरं. लोक विचारायचे, बेन, खापरांचा भाव काय?"

शामतनं वालजीभाईकडे पाहिलं. वालजीभाईनं बशीत.

"भाईंनी जीपचा सांगितलाय," शामत चाचरत म्हणाला. "आणि नऊ पाटे."

"मऊ असतील ना?"

"कसले मऊ! शिवाय हा गोळा पाट्यांच्या खाली बसतो. एवढा जड असला की खड्ड्यात धाडकन आपटतो, वरचं सगळं हादरतं. दगडाला काय, चालतं."

"दगड कुठून आले मध्येच?"

वालजीभाईनं बशी खाली ठेवली आणि उजवा हात पुढे केला. "अंगठा धरत नाही, कंकू. माठाचा गळा ओढायला गेलो की वाकडा येतो. खाणीवाल्याशी बोललोय."

"वाकडा? मग हे?" तिनं माठांकडे बोट दाखवलं. त्यांवरची पांढरी वेलबुट्टी तिनं स्वतः काढलेली.

"गल्लीतल्या नारणनं घडवलेत, त्याच्या चाकावर. दिवाळीपासून सगळे त्याचेच."

कंकूबेन माठाशेजारीच टेकली. गळे थोडे अरुंद येताहेत हे तिच्या कुंचल्याला कळलं होतं. तिला वाटलं, यांनी घाट बदलला.

"मिस्त्रीला सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू रोज माताजीपुढे दिवा लावून म्हणतेस, यांच्या हातचं चाक फिरतं राहू दे. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

तिनं पदरानं डोळे पुसले. मग नाक ओढून विचारलं, "खाणीत या अंगठ्यानं दगड उचलणार?"

"भरायला माणसं असतात. मी नुसती मूठ पिळायची, गाडी हाकायची."

"मग माठांची हाका. आपल्या गल्लीत कुंभारांची सहा चाकं फिरतात, आणि सगळ्यांच्याच माठांची वाटेत खापरं होतात."

"दुसऱ्याचे माठ वाहू? लोक काय म्हणतील?"

"आणि दगड वाहिल्यावर काय, हार घालणार होते? मी दिव्यापुढे दुसरं मागेन. माताजी काही कानात बोळे घालून बसत नाही."

वालजीभाईनं जीपच्या गोळ्यावरून तळवा फिरवला. शामत अधीर झाला. "नीट ठरवा हं. रिक्षाचा घातला, पाटे चार घातले, तर या गाडीवर खाणीचा माल कधी चढायचा नाही. आसच मोडेल. मग माझ्या दारात येऊन बोंबलू नका."

"नाही बोंबलणार," वालजीभाई म्हणाला. उठला, आणि रिक्षाचा डिफरन्शियल दोन्ही तळव्यांत धरून त्यानं सांगाड्याखाली नेऊन ठेवला. "चार पाटे घाल."

"पाच घाल रे बाबा," कंकूबेन म्हणाली. "माठांबरोबर मीही बसणार आहे."