परबांचे ओठ आणि माझं सर्टिफिकेट

अकराव्या प्रश्नाला प्रॉक्टरने परबांची परीक्षा बंद केली. प्रॉक्टर म्हणजे ऑनलाइन परीक्षेचा पर्यवेक्षक. तो कुठल्यातरी शहरात बसून कॅमेऱ्यातून तुमच्याकडे टक लावून बघत असतो. परब घाटकोपरला स्वतःच्या घरात बसले होते. बायकोला शेजारणीकडे पाठवलेलं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून ठेवलेलं. चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. तरी स्क्रीनवर मेसेज आला की परीक्षार्थी कुणाशी तरी बोलतोय, सबब परीक्षा रद्द.

दहा मिनिटांत मला फोन.

"मॅडम, वाट लागली. मी कोणाशी बोलत नव्हतो हो. वाचत होतो फक्त."

"मोठ्याने?"

"नाय. मनातल्या मनात."

"मग त्याला कसं कळलं?"

"माझे ओठ हलतात ना वाचताना."

मी कपाळाला हात लावला. पण त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नव्हतं. आमची अख्खी पिढी अशीच शिकली. पोरगं मोठ्याने वाचतंय म्हणजे अभ्यास चालू आहे, आवाज थांबला की स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "झोपलास काय रे?" परबांच्या गावच्या शाळेत तर मनात वाचणाऱ्याला गुरुजी उभं करायचे. त्या माणसाला बावन्नाव्या वर्षी कुणीतरी सांगतंय, ओठ हलवलेस तर नापास.

आता थोडी माझी ओळख. अंधेरी पूर्वेला आमचं ऑफिस आहे. मी तिथे नेटवर्क टीमची लीड, परब माझ्याच टीममधले. दुसऱ्या कंपन्यांचं नेटवर्क आम्ही सांभाळतो. पवईच्या एका मोठ्या क्लायंटने नव्या करारात एक ओळ घातली: साइटवर येणाऱ्या प्रत्येक इंजिनियरकडे नेटवर्किंगच्या परीक्षेचं चालू सर्टिफिकेट हवं. महिनाअखेरीला नावांची यादी द्यायची. यादीत नाव नाही तो बेंचवर, म्हणजे पगार चालू पण काम नाही. आमच्याकडे बेंचवर दोन महिने ठेवतात, मग एचआर चहाला बोलावते. आणि पन्नाशीनंतर बेंचवर बसलेल्या माणसाला कोणी उठवून काम देत नाही, हे परबांनाही माहीत होतं. त्यांची मुलगी बारावीला होती.

माझ्याही सर्टिफिकेटची मुदत त्याच महिन्यात संपत होती. त्याची मला काडीची काळजी नव्हती. मी लीड होते ना.

आमचा मॅनेजर रोहन माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्याने ऐकलं आणि लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, डम्प द्या ना त्यांना. संपवा विषय."

"दिलाय. तोच खाऊन बसलेत ते."

"मग सेंटरवर जाऊन देऊ दे. तिथे ओठांवर कोण बघतंय?"

"सेंटरची तारीख पुढच्या महिन्यातली मिळतेय."

"तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. बघा तुम्ही. नाहीतर मी दुसरा माणूस देतो साइटला."

"वीस वर्षं काढलीत रे त्या माणसाने इथे."

"मला माहितीये. क्लायंटला सांगा ना ते."

डम्प म्हणजे काय, तेही सांगते. आधी परीक्षा देऊन आलेले लोक प्रश्न आठवून आठवून बाहेर आणतात, त्यांची उत्तरांसकट फाइल फिरते. नियमात बसत नाही. सगळे वापरतात. तीन वर्षांपूर्वी मीही त्यावरच पास झाले होते, आणि सत्कारात "मेहनतीला पर्याय नाही" असं भाषणही ठोकलं होतं.

परबांनी साडेचारशे प्रश्नांची फाइल पाढ्यांसारखी पाठ केली होती. प्रश्नाचे पहिले चार शब्द उच्चारले की ते म्हणायचे, "सी." मी पर्यायांचा क्रम बदलला. ते तरीही म्हणाले, "सी."

"अहो परब, सी आता दुसरंच आहे."

"पण फायलीत सी होता."

मग मी एक वेगळीच गोष्ट केली. आमच्या स्टोअरमध्ये जुने स्विच पडलेले असतात. स्विच म्हणजे ऑफिसमधल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली जिथे येऊन मिळतात ती पेटी. असे दोन स्विच जोडले, त्यात मुद्दाम एक घोळ करून ठेवला आणि परबांना बसवलं. सहा मिनिटांत नेटवर्क चालू. हात कसे चालत होते बघायला हवं होतं.

"काय होतं?" मी विचारलं.

"बंद होता, चालू केलंय."

"अहो पण बंद का होतं?"

परबांनी केबलवर बोट ठेवलं. म्हणाले, "असा झाला की असा करायचा, एवढाच माका ठाऊक."

रोग तिथे होता. हाताला सगळं येत होतं, तोंडाला डम्प येत होता, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी स्टोअरमध्ये. डबे गुडघ्यावर. मी परीक्षेचं गाइड उघडून त्यातला एखादा बिघाड निवडायची आणि स्विचमध्ये करून ठेवायची. परब तो शोधायचे, दुरुस्त करायचे आणि मग का झालं ते मला सांगायचे. मी गाइडमधलं उत्तर बघून हो किंवा नाही म्हणायची. नाही म्हटलं की पुन्हा. पहिला आठवडा नुसती चिडचिड. एकदा तर त्यांनी बांगड्याच्या तुकड्यासकट डबा बंद केला आणि म्हणाले, "होऊ दे बेंच. मी वडापाव विकीन." मी म्हटलं, "विका. पण वडा तेलात का फुगतो ते आधी सांगा." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या आधी येऊन बसले होते.

दुसऱ्या आठवड्यात त्यांची भाषा सापडली. एकाच स्विचमध्ये वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे कप्पे करता येतात, त्याला व्हीलॅन म्हणतात. परब म्हणाले, "म्हणजे एकच बिऱ्हाड, पण तीन चुली. एका चुलीवरचं दुसरीवर जात नाय." आणि दोन स्विचना जोडणाऱ्या केबलला, म्हणजे ट्रंकला, कुठल्या चुलीचं सामान न्यायचं ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सामान दाराशीच अडतं. ही गोष्ट मी कॉलेजपासून शिकत आले, पण इतकी सरळ कधी ऐकली नव्हती. मला जरा हेवाच वाटला.

राहिले ओठ, कारण परीक्षा पुन्हा ऑनलाइनच द्यायची होती. पेन्सिल दातात धरून झाली, पण कॅमेऱ्यासमोर पेन्सिल चालत नाही. पारदर्शक ग्लासात पाणी मात्र चालतं. मग पाण्याचा घोट तोंडात धरून प्रश्न वाचायचा, घोट गिळायचा, उत्तर टिचकवायचं, पुन्हा घोट. परब आठवडाभर ऑफिसात ईमेलही तसेच वाचत होते. रिसेप्शनच्या मुलीने मला विचारलं, "परब सरांची दाढ काढलीये का?"

परीक्षा दोघांची एकाच दिवशी, ऑफिसच्या छोट्या मीटिंग रूममध्ये. त्यांची दहाला, माझी दोनला. काचेला आम्ही आतून चार्ट पेपर लावले, त्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कोणी चुकून आत घुसू नये म्हणून. रोहन दोनदा येऊन गेला. दर पाच मिनिटांनी मला वाटायचं, आता दार उघडणार आणि परब म्हणणार, बंद केली.

पावणेबाराला ते बाहेर आले ते तडक टॉयलेटकडे. तीन ग्लास पाणी प्यायले होते. परत आले तेव्हा डोळे ओले होते.

"मॅडम, झालो पास."

"डम्पमधले किती आले?"

"ते बघायला सुचलाच नाय. ट्रंकचा आला होता."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, बिर्याणी मागवली, पोटभर जेवले आणि दोन वाजता आत जाऊन बसले. अगदी आरामात. तीन आठवडे मीच तर शिकवत होते.

पहिले पाच प्रश्न वाचले. सगळे ओळखीचे. पर्यायही ओळखीचे. चारही बरोबर वाटत होते. सातव्या प्रश्नाला माझा हात आपोआप टेबलाच्या कडेला गेला, जिथे रोज गाइड उघडं असायचं. तिथे काही नव्हतं. पुढचा दीड तास काय झालं त्यात सांगण्यासारखं काही नाही. नापास. रिपोर्टमध्ये सगळ्यात कमी मार्क कशात, तर बिघाड शोधण्यात. जे मी रोज मुद्दाम करून ठेवत होते त्यातच.

लाज वाटली. खोटं कशाला बोलू. मीटिंग रूममधले चार्ट पेपर काढायच्या निमित्ताने मी वीस मिनिटं आतच थांबले.

संध्याकाळी रोहनने यादी उघडली. "मॅडम, पुन्हा परीक्षेची तारीख महिनाअखेरच्या आत मिळत नाहीये. तुमचं नाव काढावं लागेल."

"काढ."

"मग साइटवर लीड कोण?"

"परब."

"शुअर?"

"माझ्यापेक्षा जास्त."

परब ऐकत उभे होते. त्यांना वाईट वाटलं होतं, ते लपवताही येत नव्हतं. निघताना मला म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. शोधत मी होतो. तुमच्याकडे उत्तर होता."

सर्टिफिकेट परीक्षेचा अभ्यास कसा करावा, असं टीममधली मुलं मला हल्ली विचारतात. त्यांना मी परबांचं हेच वाक्य सांगते. उत्तर समोर ठेवून मान डोलावली की येतंय असं वाटतं, बास. पुस्तक मिटल्यावर जे तोंडातून निघेल तेवढंच तुमचं. आणि तोंड, कृपा करून, बंद ठेवून.

मी बेंचवर सहा आठवडे होते. एचआरने चहाला बोलावलं नाही, पण लिफ्टमध्ये फार गोड बोलायला लागली होती. परब पवईहून सुटले की अंधेरीला यायचे, स्विचमध्ये घोळ करून ठेवायचे आणि गाइड स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसायचे. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. त्यांच्यापेक्षा दोन मार्क कमी पडले. हे मी कोणाला सांगणार नव्हते, पण परबांनी पवईच्या साइटवर आधीच सांगून ठेवलं होतं.