इंजिन गेलं, गाडी आली

पहिली गाडी कशी निवडलीस असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, मी निवडलीच नाही. निवडली बाबांनी. आणि तिची किंमतही शेवटी त्यांनीच मोजली, अजून मोजतायत.

मी कुडाळला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. गाव आमचं मालवणच्या किनाऱ्यावर, घराच्या मागल्या दाराने पाच पावलं टाकली की वाळू. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी सातपासून लॅबच्या बाकावर येऊन बसतात, आणि आमची पहिली एसटी कुडाळात शिरेपर्यंत त्यातली अर्धी माणसं कंटाळून चहा पिऊन मोकळी झालेली असायची. डॉक्टरांनी बरेच दिवस सांभाळून घेतलं. मग एकदा अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून सातला येणं जमत असेल तर बघा, नाहीतर मला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल." शांत माणसाचं बोलणं फार लागतं. ही नोकरी गेली असती तर मला मुंबईला जावं लागलं असतं, आणि मुंबईला मला जायचं नव्हतं. दोन भाऊ आधीच तिकडे होते. घरात आई, बाबा आणि मी एवढेच उरलो होतो.

तेव्हा गाडी हवी. मला हवी होती स्कूटर. साठवलेल्या पैशांत तिची पहिली रक्कम बसत होती, हप्ताही पगारात बसत होता, पेट्रोलचा हिशेब मी तोंडपाठ केला होता. आईलाही स्कूटरच पसंत होती, कारण पायाशी बाजाराची पिशवी राहते. पण बाबा पडले तांडेल. मासेमारीची स्वतःची होडी, मागे लावायचं स्वतःचं इंजिन, आणि होडीवर त्यांचाच शब्द. जन्मभर दुसऱ्यांना हुकूम देण्यात गेलेला माणूस जेवताना गप्प थोडाच बसणार?

"ती बारीक चाकां काय कामाची?" बाबा म्हणाले. "पावसात कसालचो रस्तो बघितलंस खंय? खड्ड्यात चाक गेलां की आधी माणूस पडता, गाडी मगे. मोठां चाक व्हयां. मोटारसायकलच घे."

"आणि पिशवी खंय ठेवतली ती?" आई म्हणाली. "डोक्यार?"

"तू आधी तुझी पिशवी बाजूक ठेव."

मी चिडून म्हटलं की चालवायची मला आहे, तुम्हाला नाही. त्यावर त्यांनी आमटीत भात कालवला आणि लाट आडवी आली की होडी कशी सांभाळायची हे मला समजावून सांगायला लागले. मोटारसायकलशी त्याचा काय संबंध, हे मला त्या रात्री कळलं नाही. पण खड्डे खरेच होते. जूनमध्ये त्या रस्त्याने एसटीतून जातानासुद्धा माणूस उडून वरच्या फळीला लागतो. शेवटी मीच नमतं घेतलं.

कुडाळच्या शोरूममध्ये आम्ही दोघं गेलो. विकणारा मुलगा टाय लावून आला आणि सगळं बाबांना सांगत सुटला, ॲव्हरेज किती, सर्व्हिस कधी. मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण सर, मॅडमचे पाय टेकतील का?" माझं डोकंच फिरलं. मी जाऊन गाडीवर बसले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि म्हटलं, "टेकले. आता पुढचं मला सांगा." बाबा खिडकीकडे तोंड करून हसत होते. साधीच गाडी होती, काळी, लांब सीटची, ऑफिसला जाणारी माणसं घेतात तसली. सुंदर वगैरे काही नव्हती, पण मला आवडली.

मग त्याने कागदावर आकडा लिहिला. गाडीची किंमत एक असते आणि गाडी रस्त्यावर आणायची किंमत वेगळी असते, हे तिथे गेल्यावरच कळतं. नोंदणी, विमा, हेल्मेट, आणि कर्जाच्या कागदपत्रांचं काहीतरी. स्कूटरसाठी जमवलेले पैसे इथे कमी पडले. परत येताना एसटीत मी म्हटलं, "बाबा, आपली स्कूटरच बरी."

दोन दिवसांनी होडीचं इंजिन विकलं गेलं. मी लॅबमधून आले तेव्हा पडवीत त्याची जागा रिकामी होती. तिथे तेलाचा एक काळा डाग तेवढा राहिला होता.

मी विचारलं. भांडलेच म्हणा ना. बाबा झोपाळ्यावर बसले होते. "माझी ढोपरां गेली गो," ते म्हणाले. "औंदा तशेय मिया दर्यात किती जातलंय? पडवेत बसान तां इंजिन काय करतलां? अंडी घालतलां?"

गुडघे दुखत होते हे खरं होतं. आई रोज रात्री तेल चोळायची. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "इकलंय ता इकलंय. आता गाडी आण." मला ते पटलं. पटवून घेणं माझ्याही सोयीचं होतं, पण खोटं कशाला सांगू, त्यांचं बोलणं ऐकून मला तेव्हा हलकंच वाटलं. म्हातारा माणूस आता घरी बसेल, दुपारी झोपेल, पावसापाण्याचा घोर नाही, असंच मी आणि आईने धरलं होतं.

गाडी आली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बाबांनी नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. त्या गाऱ्हाण्यात वारा आणि पाणी हे शब्द इतक्यांदा आले की आई मला कोपराने ढोसत होती. दुसऱ्या दिवशी सातच्या आधी मी लॅबच्या दारात होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. नोकरी राहिली.

आठवडाभराने माझ्या पँटवर काळे चिकट डाग पडायला लागले. वास ओळखीचा होता. वाकून बघितलं तर मडगार्डच्या आतून, स्टँडला, चेनला, सगळीकडे काजूच्या टरफलांचं तेल. होडीच्या लाकडाला लावतात ते. खारं पाणी लागू नये म्हणून बाबा दर मोसमात होडीला ते चोपडायचे आणि त्यांचे हात आठवडाभर काळे राहायचे. चेनला वाळू चिकटून कर्र कर्र आवाज येत होता. मेकॅनिकने हात लावला आणि विचारलं, "मॅडम, ही गाडी पाण्यात घालायचा विचार आहे का?" सगळं गॅरेज हसलं. मीही हसले, काय करणार?

घरी येऊन मी म्हटलं, "बाबा, ही होडी नाही."

"खारो वारो आसा हंय," ते म्हणाले. "तेल नाय लावलां तर गंज खातलो तिका." आणि मग, "बरां, नाय लावणंय."

त्यांनी परत लावलं नाही. होडीलाही नाही. होडी माडाखाली ओढून ठेवली होती ती तशीच राहिली. लाकडाची होडी पाण्यात गेली नाही की वाळते, फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात. मी रोज सकाळी गाडी काढताना त्या फटी बघायचे. पहिल्या मोसमात करंगळी जाईल एवढ्या होत्या. दुसऱ्याच्या होडीवर चला म्हणून दोघातिघांनी बाबांना बोलावलंही. गेले नाहीत. तांडेल दुसऱ्याच्या होडीवर जाऊन जाळं ओढत नाही. गुडघ्यांचं मात्र, आई म्हणते, त्यानंतर त्यांनी नावच काढलं नाही.

आता मासे घरात विकत येणार हे मी कुठल्याच हिशेबात धरलं नव्हतं. आमच्या घरी मासे विकत येत नसत. आईच्या कालवणाला काय लागेल ते बाबांच्या टोपलीतून निघायचं आणि उरलेलं बंदरावर जायचं. एका रविवारी बाबा माझ्या मागे गाडीवर बसले आणि आम्ही बंदरावर गेलो. वर्षानुवर्षं त्यांचा माल घेणारी कोळीण वाटे लावून बसली होती. बाबा उभे राहिले. भाव कसा करायचा हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांनी आजवर भाव फक्त सांगितला होता. त्यांनी बांगड्यांच्या वाट्याकडे बोट दाखवलं आणि खिशातून नोट काढली. तिने ती घेतली नाही. पिशवीत दोन वाटे घातले आणि म्हणाली, "तुमच्याकडसून पैशे घेव काय मी, तांडेलानू?" चांगल्या मनाने म्हणाली बिचारी. बाबांनी नोट तिच्या टोपलीखाली सारली आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले.

पुढच्या रविवारी मी गाडी बंदराच्या रस्त्याला वळवली तर त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हंय नको," ते म्हणाले. "कुडाळाक घेवया."

कुडाळला समुद्र नाही. तिथे मासे आमच्याच बंदरातून जातात, बर्फात घालून, टेम्पोतून, आणि महाग मिळतात. मी वळवली गाडी.

तेव्हापासून हे असंच चाललंय. स्कूटर घेतली असती तर इंजिन पडवीतच राहिलं असतं, असं माझ्या मनात दर रविवारी येतं, आणि त्यांच्याही येत असेल. तोंडाने कोणी काढत नाही. खड्डा आला की ते मागून अजूनही सांगतात, डावीकडून घे, आता सोड, आणि त्यांचं बरोबर असतं. कुडाळच्या बाजारात त्यांना कोणी ओळखत नाही. तिथे ते बांगडा उचलतात, कल्ला उघडून बघतात, कालचा आहे हे त्यांना कळतं, आणि विकणारी सांगेल ती किंमत देऊन पिशवी गाडीच्या हँडलला अडकवतात.