कोपऱ्यावरचा फ्लेक्स मी का कापला

काल सकाळी मी माझ्या वडिलांचा फ्लेक्स भाजीच्या सुरीनं कापून खाली पाडला.

स्टुलावर चढून. वय ब्याऐंशी.

म्हातारीचं डोकं फिरलं, अशी तेव्हापासून गल्लीत चर्चा आहे. फिरलंच आहे. का फिरलं ते वाचा, मग बोला.

आज आबांची पुण्यतिथी. माझा भाचा संदीप आणि त्याच्या मंडळाची पोरं, यांनी मोठ्या प्रेमानं दहा फुटी फ्लेक्स लावला. मधे आबांचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि भोवती गॉगल घातलेले चौदा शुभेच्छुक. श्रद्धांजलीला शुभेच्छुक कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

पण राग त्याचा नाही. राग जागेचा आहे.

फ्लेक्स लावला तो बरोबर कोपऱ्यावर. वळणाऱ्याला पलीकडची गाडी दिसू नये, इतका नेमका.

आबांच्या नावानं कोपरा अडवला. आबांच्या.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आबा नगरपालिकेत ओव्हरसियर होते. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. इथं नव्या प्लॉटांवर बंगले उठत होते आणि प्रत्येकाला डोक्याएवढं उंच मेंदीचं कुंपण हवं होतं. नियम साधा होता. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दहा फूट कुंपण कमरेच्या वर जाता कामा नये.

ड्युटी आबांची. शिव्याही आबांनाच.

त्यांची एक पद्धत होती. नोटीस नंतर. आधी मालकाला बाहेर बोलवायचं, आपल्या सायकलवर बसवायचं आणि कोपऱ्याशी नेऊन विचारायचं, "काय दिसतंय?"

"मेंदी."

"आनि पलीकडनं टांगा येतोय, त्यो?"

बरेच जण तिथंच ओशाळायचे. काही जण चहा पाजून मेंदी तशीच ठेवू बघायचे. आबा चहा प्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गड्याला कोयता देऊन पाठवायचे.

आमच्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातले वकीलसाहेब मात्र सायकलवर बसलेच नाहीत. पायरीवरूनच म्हणाले, "दरबार गेला, ओव्हरसियर. दरबाराचा नियमही गेला."

आबा म्हणाले, "दरबार गेला. कोपरा हाय की अजून."

नोटीस गेली. मुदत आठ दिवसांची.

सातव्या दिवशी मेंदीच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड बसला. मरगाई म्हणे, रोगराईची देवी. घरात कपाटभर कायद्याची पुस्तकं असलेला माणूस पंचगंगेच्या घाटावरून दगड आणतो आणि त्याला शेंदूर लावतो. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी बायका नारळ घेऊन हजर.

गडी कचरला. आबा नाही. देवीला जरा मोकळी हवा लागू दे म्हणाले आणि कोयता स्वतःच घेऊन निघाले.

नेमका त्याच दिवशी मला गोवर निघाला.

मी आठ वर्षांची. अंगभर पुरळ, ताप. आमच्याकडं गोवर म्हणजे घरात देवी आलेली. फोडणी बंद, कात्री बंद, उशाशी कडुलिंबाचा पाला. आईनं आबांचा हात धरला.

"दुसऱ्या कुठल्याबी कोपऱ्याला जावा. मरगाईम्होरं कोयता न्हाई चालवायचा. एकच पोरगी हाय मला."

आबांचा त्यावर विश्वास नव्हता. पण तापानं फणफणलेली मी समोर होते. बरी होईपर्यंत थांबतो म्हणाले.

सबंध नोकरीत एकदाच थांबले. माझ्यासाठी.

पाचव्या दिवशी आमचा गवळी, नानू, त्या कोपऱ्यावर सायकलवरून वळला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. पलीकडून टांगा भरधाव.

किटल्या पडल्याचा आवाज मी अंथरुणात ऐकला. चाक नानूच्या पायावरून गेलं होतं. पाय वाचला, पण कायमचा वाकडा झाला.

आबा दवाखान्यात गेले. तिथं काय झालं ते आईनं मला खूप वर्षांनी सांगितलं. आबा माफी मागायला लागले. नानूच म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, सायेब. पोरगी बरी हाय न्हवं? मग आता तरी कापा की ती मेंदी."

आबा तिथून तडक आले आणि स्वतःच्या हातानं मेंदी कापली. घरात गोवर असताना. वकीलसाहेब खिडकीतून बघत होते, बाहेर आले नाहीत. आणि मला काहीसुद्धा झालं नाही.

पुढं वीसेक वर्षं नानूनं आम्हाला दूध घातलं. चालत, कारण सायकल त्याला परत जमली नाही. रोज सकाळी आबा स्वतः दारात जाऊन भांडं धरायचे. आईला कधी धरू दिलं नाही.

मी ते दूध पिऊन मोठी झाले.

आता त्या बंगल्याच्या जागी अपार्टमेंट आहे. कोपऱ्यावर बोगनवेल, माणूसभर उंच. मी सोसायटीला तीनदा लिहून दिलं. चेअरमन म्हणतात, काकू, प्रायव्हसी लागते हो. दगडाला टाइल्सचं देऊळ झालंय. आणि आबांचा फ्लेक्स बांधला होता त्याच देवळाच्या ग्रिलला.

सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होईल?

संदीप वैतागून म्हणाला, "आत्या, मग श्रद्धांजली वाहायची तरी कुठं?"

म्हटलं, फेसबुकवर वाहा. तिथं कुणाच्या आडवं येत नाही.

म्हणून हे लिहिलं.

आबा, बोगनवेल सोडली तर तुमचा कोपरा आजच्यापुरता मोकळा आहे. उद्याचा शब्द देत नाही, उद्या कुणाचा तरी वाढदिवस आहे.

तुम्हाला नमस्कार. नानूलाही.