आधी गाव सांग

लष्करात मी चार वर्षं होतो. शेवटचं पोस्टिंग जयपूर. सेक्शनमधला लान्स नाईक हरफूल तिथलाच, चोमूकडचा. मी घरी फोनवर मराठीत बोलायला लागलो की तो शेजारी येऊन बसायचा.

"पाटील, तेरी बोली में सरकार चिट्ठी भेजती है?"

"भेजती है."

"गजब है यार. हमारी में तो धमकी भी नहीं आती."

आम्ही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. आमचं राज्य भाषेवरून झालं. यांचं संस्थानं जोडून. घरोघरी बोलतात ती राजस्थानी केंद्राच्या मान्य भाषांच्या यादीत आजही नाही. मग इथला माणूस राजस्थानी कशानं? डोक्यावरच्या साफ्यानं?

त्या पावसाळ्यात विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रामागचा नाला फुटला. सकाळीच आमचा बचाव-कॉलम वस्तीत पोचला. वायरलेस सेट माझ्याकडे होता.

"रिपोर्ट. ओव्हर."

"बोट तैयार. लोग नहीं निकल रहे. ओव्हर."

"क्यों? ओव्हर."

मला माहीत नव्हतं. सरकारी गाडीवरचा भोंगा शुद्ध हिंदीत ओरडत होता, "समस्त निवासियों को सूचित किया जाता है..." आणि आतून कड्या लागत होत्या. हरफूलनं एका खिडकीशी चौकशी केली. उन्हाळ्यात हीच गाडी, हीच भाषा आली होती. जे बाहेर आले, त्यांच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला होता.

सरकारकडे बोट होती, जवान होते. या माणसांनी विश्वास ठेवावा अशी एक हाक नव्हती!

"साब, भोंपू बंद कराओ," हरफूल सुभेदारसाहेबांना म्हणाला.

भोंगा थांबला. हरफूल कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पुराचं नावच काढलं नाही. आधी स्वतःचं गाव सांगितलं, मग बापाचं नाव, मग मामाचं गाव. मी वैतागून ओरडलो, "अरे, पानी चढ़ रहा है!"

"चुप रह. ऐसे कोई नहीं खोलेगा." मग दाराकडे वळून, "काकी, म्हैं हरफूल. घर को ई छूं. आज्या."

घरचाच आहे, ये, एवढंच. कडी निघाली. मग दुसरी. मग सगळी वस्ती रांगेनं बोटीत.

शेवटच्या घरात एक लंगडा म्हातारा होता. हरफूलनं त्याला आमच्या हातात दिलं. मागची भिंत हरफूलवर आली.

"रिपोर्ट. ओव्हर."

"सिविलियन सब बाहर. हरफूल नहीं रहा. ओव्हर."

आता मी जयपुरातच, मुरलीपुऱ्यात राहतो. शेजारच्या झोटवाड्यात राजस्थानीच्या मान्यतेची पत्रकं वाटतो. लोक विचारतात, "मराठी होके आपको क्या पड़ी है, भाईसाहब?" पडली आहे.

हरफूलच्या वर्षश्राद्धाला त्याच्या गावी गेलो होतो. नेत्यांनी भोंग्यावरून हिंदीत भाषण ठोकलं. त्याची आई घूंघट ओढून बसली होती. गर्दी पांगल्यावर मी तिच्यासमोर बसलो. आधी माझं गाव सांगितलं. मग वडिलांचं नाव. मग आजोळ.

तिनं घूंघट थोडा वर केला. "म्हारो हरफूल कांई बोल्यो छो?"

मी त्या दाराशी मारलेली त्याची हाक तिला त्याच्याच शब्दांत ऐकवली.