मावशी सांगेल

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्यांना तर माझ्या प्रत्येक दुखण्याखुपण्याची खबर असते. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. सांगायला हवं, एवढंच.

तेव्हा आम्ही जर्मनीत, कार्ल्सरूहेला राहत होतो. नव्या शतकाची पहिली काही वर्षं. मुलगी शिकायला बाहेर पडली, घर रिकामं झालं आणि मला जगाचं भलं करायची हुक्की आली. मारहाण झालेल्या, हेळसांड झालेल्या मुलांच्या वतीने कोर्टात बोलायला स्वयंसेवक हवे होते. आईबापांची बाजू घ्यायची नाही, युगेंडआम्टची, म्हणजे बालकल्याण खात्याचीही नाही. फक्त मुलाची. मी प्रशिक्षण घेतलं आणि कामाला लागले.

आमचे न्यायाधीश — नाव कशाला — साठीला आलेले, बोलायला सावकाश. आम्हा बिनपगारी मंडळींना ते वकिलांच्या आधी बोलू देत. फाइल वाचायला स्वतःची खोली उघडून देत. अधूनमधून सगळ्यांना कॉफीला बोलवत आणि दर वेळी तेच सांगत : माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. जमत नसेल तर फोन करा, दुसरं कोणी बघू, त्यात कमीपणा नाही. आणखी काय करायचं एखाद्या न्यायाधीशाने? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही त्यांचा दोष शोधायला जाल आणि तो सापडणार नाही.

एक दिवस त्यांचाच फोन आला. भारतीय कुटुंबातली आठ वर्षांची मुलगी, सई. आई तिला शिक्षा म्हणून इमारतीच्या केलरमध्ये, तळघरातल्या अडगळीच्या खोलीत, कोंडून ठेवते अशी शेजारणीची तक्रार होती. मुलीला तात्पुरतं एका जर्मन कुटुंबाकडे ठेवलं होतं. "फ्राऊ जोशी, इथे तुमच्याइतकं कोणाला कळणार?" — मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेच. मग त्यांनी विचारलं, हे कुटुंब तुमच्या ओळखीचं आहे का?

तोंडओळख आहे, मी म्हणाले.

कसली तोंडओळख? सईची आई अनघा आणि मी दर गणपतीला एकत्र बसून मोदक वळायचो. तिचा नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, आमच्या ह्यांना दादा म्हणायचा. सई मला मावशी म्हणायची. खरं बोलले असते तर केस दुसऱ्या कोणाकडे गेली असती — आणि मला ती हवी होती. शिवाय आपल्या माणसांची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये, असंही मनात होतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का?

घर बघायला गेले तर अनघाने पान वाढून ठेवलेलं. "ताई, एकदाच झालं हो. गणिताचा पेपर बघून डोकंच फिरलं माझं. पुण्याला सासूबाईंना कळलं तर मी संपलेच." तिचा नवरा बाजूला मान खाली घालून बसला होता. मी आमटी-भात जेवले, मागून घेऊन जेवले. तिथून निघतानाच मला न्यायाधीशांना फोन करायला हवा होता. पण खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत, हे हाडात भिनलेलं.

मग सईला भेटले. मी मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आमचं पहिल्यापासून तसंच. केलरमधला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझतो, म्हणाली. बटण बाहेरच्या बाजूला आहे. आणि एकदा नाही, पुष्कळदा. मला घरी जायचं नाही, तू जज्जांना सांग, पण आईला कळू देऊ नकोस. सांगते, मी म्हणाले. सांगायचं मनात होतं का तेव्हा? होतं. मला वाटतं, होतं.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. झगा घातला नव्हता, मला तिच्या शेजारी बसवलं. कुठे राहायला आवडेल, त्यांनी हळूच विचारलं. सईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी सांगेल."

त्यांनी ताणलं नाही. तिला बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे वळले. दार उघडलं तेव्हा बाकावर बसलेली अनघा दिसली होती, मांडीवर सईचा स्वेटर घेऊन. आणि मी सांगितलं — मुलीला आईची आठवण येते. तिला घरी जायचं आहे. शिक्षा एकदाच झाली होती. माझं जर्मन चांगलं आहे, मी कुठे अडखळले नाही.

बाहेर सईने विचारलं, "सांगितलंस?"

"हो गं," मी म्हणाले.

आतल्या खोट्यापेक्षा हे खोटं वाईट. ती घरी गेली ती असं समजून, की त्या माणसाने सगळं ऐकलं आणि तरीही तिला परत पाठवलं.

पुढच्या वर्षी शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं. दाराच्या फळ्या ओरबाडून सईची नखं सोलली होती. तिला पुन्हा घरातून काढलं. मी गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलं होतं, त्यामुळे तिच्या बाजूने दुसरी बाई होती. तेव्हा न्यायाधीशांचा फोन आला. आवाजात संशय नव्हता, नुसती काळजी. "ती माझ्याशी बोलतच नाही. मागच्या वेळी सांगितलं, तुम्हाला सगळं माहीत आहे, एवढंच म्हणते. फ्राऊ जोशी, माझ्याकडून काही ऐकायचं राहिलं होतं का?"

तेव्हाही सांगता आलं असतं. समोर कोणी नव्हतं, अनघा नव्हती, एक म्हातारा माणूस फोनवर थांबला होता.

"नाही, तुमचं काही राहिलं नाही," मी म्हणाले. "लहान मुलं काहीबाही बोलतात."

"आल्झो," म्हणजे बरं तर, ते म्हणाले, आणि माझे आभार मानून त्यांनी फोन ठेवला.