श्रवण दिनाचा फोटो

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी कामगार कल्याणाचं काम बघत होतो. म्हणजे हजेरी, रजा, गणवेश, आणि उरलेल्या वेळात 'दिवस'. हा दिवसांचा शोध माझाच. मोबाईलवर एकदा यादी सापडली आणि कळलं, की डासांचा जागतिक दिवस असतो, डावखुऱ्यांचा असतो, शौचालयाचासुद्धा असतो. मॅनेजरसाहेबांना फोटोंची हौस, मला फलक छापण्याची. दर महिन्याला एक फलक टांगायचा, त्याखाली दहा कामगार उभे करायचे, प्रत्येकाच्या हातात चिक्की द्यायची आणि फोटो ग्रुपवर टाकायचा.

माझ्या हुशारीचा नमुना ऐका. मिलचे मालक जैन, घरात कांदासुद्धा शिरू न देणारे. त्यांच्या फाटकावर मी 'जागतिक अंडी दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असा सहा फुटी फलक लावला. तो अर्धा तास टिकला. मिलचे म्हातारे मुनीम, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी स्वतः स्टुलावर चढून त्याच्या दोऱ्या कापल्या.

"पंचांगात दिवस कमी पडले का रे तुला?" नाना वरूनच ओरडले. "आखाजीच्या सणाला बायांना अर्धा दिवस सोडायचं म्हटलं तर तुमच्या जिवावर येतं, आणि इथे डासाचे वाढदिवस!"

डाळ निवडणाऱ्या बायांचं मत वेगळं नव्हतं, फक्त त्या हसून सांगत. हात धुण्याच्या दिवशी एकीने साबणाची वडी हातात धरून विचारलं, "भाऊ, नळले पाणी येवाना बी एक दिन ठेवा ना." सगळ्या हसल्या. मीही हसलो. फोटो फार छान आला.

मग मार्चमध्ये श्रवण दिन आला. या खेपेला मला खरोखरच काही उपयोगाचं करायचं होतं. पुढचं वाचून कुणाला ते पटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मिलमध्ये दिवसभर एवढा खडखडाट, की संध्याकाळी घरी गेलं तरी माणूस बायकोशी ओरडूनच बोलतो. मी एका दवाखान्याला गाठून कानांची तपासणी ठरवली.

"तपासून मशीनचा आवाज कमी होणार आहे का?" नानांनी विचारलं.

"नाना, जागृती होते."

"कोणाची?"

मी फलक आणायला गेलो.

पहिला मान मिस्त्रींचा. साक्री तालुक्यातले, पिंपळनेरच्याही पलीकडच्या गावचे. सगळे त्यांना आबा म्हणत. पंचवीस वर्षं तूर भरडायच्या मशीनवर. मशीनच्या पत्र्यावर तळवा ठेवून उभे राहायचे, वैद्याने नाडी बघावी तसे, आणि पट्टा सैल झाला की खडा अडकला, ते सगळ्यांच्या आधी सांगायचे. नवे लोक म्हणत, आबांचे कान तिखट.

"मन्हं बठ्ठं बरं शे, भाऊ," आबा मागे सरत म्हणाले. "दुसरास्ले बसाडा."

"असं कसं? सगळ्यात जुने तुम्ही. पहिला फोटो तुमचाच," म्हणत मी त्यांना दंडाला धरून ऑफिसात आणलं.

तपासणीला आलेली मुलगी नवीन होती. तिने टेबलावर यंत्र मांडलं, खुर्ची आपल्यासमोर ठेवली. ती बटण दाबणार, हेडफोनमध्ये शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. आबा बसले. मी मोबाईल उचलला, तर फोटोत आबांची नुसती पाठ, आणि फलकाचा पत्ताच नाही.

"एक मिनिट हं, ताई," मी म्हणालो आणि आबांसकट खुर्ची फिरवली. आता तिच्याकडे पाठ, फलक शेजारी, तोंड माझ्याकडे. आबांनी खुर्ची गच्च धरली होती. माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, फोटोला लाजताहेत.

"हसा, आबा," मी म्हणालो. आबा हसले.

मुलीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आवाज वाढवला. आबा हसतच बसलेले. मध्ये एकदा त्यांनी अंदाजाने हात वर केला, तेव्हा ती मान खाली घालून कागदावर लिहीत होती. मी नेमका तोच फोटो काढला.

दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते, तेही कधीचे. मिलमध्ये पूर्वी झालेल्या दोन तपासणी शिबिरांत ते समोरच्याचं बटणावरचं बोट बघून हात वर करत पास झाले होते. आमचं बोलणं ते ओठांवरून ओळखत, मशीनचं तळव्याने. त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. अहवाल मॅनेजरांच्या टेबलावर गेला, तेव्हा एकेकाला एकेक गोष्ट आठवत गेली.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. "भोंगा ऐकू न येणारा माणूस चालत्या पट्ट्याजवळ ठेवू? उद्या हात गेला तर उत्तर तू देणार?" यात चुकीचं काहीच नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा तपासू, खुर्ची सरळ ठेवून. ते म्हणाले, "म्हणजे कॉपी करू देऊ?"

नाना मॅनेजरांच्या खोलीत सहसा पाऊल टाकत नसत. त्या दिवशी आले. "पंचवीस वर्षांत त्याच्या मशीनवर कुणाचं नख तुटलेलं नाही."

"ते आपल्याला माहीत नव्हतं तोवर, नाना. आता कागद आहे."

कागद मी आणला होता.

आबांना बाहेर आवारात टाकलं, वाळत घातलेली डाळ लाकडी फावड्याने उलथायला. आठेक दिवस रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन विचारत, मशीनवर कधी? मी म्हणायचो, बघतो. नंतर त्यांनी विचारायचं सोडलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

आवारात ट्रक मागे घेतात. मागे येताना ट्रक टी-टी वाजतो, लोक आपोआप बाजूला होतात, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलेलं, की ड्रायव्हर आरशात बघेना. एप्रिलमधल्या एका दुपारी बाया ओरडल्या. मी खिडकीतून ओरडलो, बहुतेक सगळ्यांत मोठ्याने. आबांची पाठ ट्रककडे होती.

डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. दवाखान्याचं मिलने केलं. आबा गावी गेले ते परत आले नाहीत.

दिवाळीनंतर मी पिंपळनेरच्या आठवडे बाजारात त्यांना शोधत गेलो. लसणाच्या ढिगामागे गोणपाटावर बसले होते, पाय लांब करून. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि माझ्यासाठी तेच जास्त कठीण होतं.

"या भाऊ, या. आते कोनता दिन शे?"

"सोडलं ते, आबा," मी म्हणालो. खोटं. मागच्याच महिन्यात पुन्हा हात धुतले होते.

एसटीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत आलो होतो. सगळी म्हणून टाकली. खुर्ची मी फिरवली, फलकासाठी फिरवली, तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मला कळायला हवं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून बोलवेना, म्हणून खाली लसणाकडे बघत बोललो. बोलून झाल्यावर मान वर केली.

आबा थोडे पुढे वाकले होते, माझ्या तोंडावर नजर लावून, वाट बघत.

"काय म्हन्नात, भाऊ?"

या वेळी मी नीट त्यांच्याकडे तोंड केलं.

"लसूण कसा दिला, म्हणतो."

आबांनी भाव सांगितला. मी अर्धा किलो मागितला. त्यांनी तोलला, आणि वर एक गड्डा जास्तीचा टाकला.