अडीचशे रव्यांचा कडता

"देव काट्याच्या पलीकडच्या अंगाला उभा असतोय." शलमोन भोरे हे काट्यावर रवा, म्हणजे गुळाची ढेप, ठेवताना म्हणायचा, घरी जेवायला बसतानाही म्हणायचा. त्याची लेक रिबेका पाच वर्षांची होती तेव्हा बापाबरोबर बाजारात आली की काट्यामागं जाऊन खरंच कुणी उभं आहे का, हे बघून यायची.

कोल्हापूरच्या गूळ बाजारात शलमोन तोलाईदार होता. शेतकऱ्याचा गूळ तोलायचा आणि आकडा हिशेबाच्या पट्टीवर लिहायचा. तीस किलोच्या रव्याला फडकं गुंडाळलेलं असतं. त्या फडक्यापोटी वजनातून थोडं कापायची रीत आहे, तिला कडता म्हणतात. फडकं भरतं पाव किलो. बाकीचे तोलाईदार व्यापाऱ्याचा डोळा बघून सव्वा किलो कापायचे. शलमोन फडकं वेगळं तोलून तेवढंच कापायचा. म्हणून व्यापारी त्याला कमी काम द्यायचे, आणि शेतकरी गाडीवरूनच ओरडायचे, "भोऱ्याच्या काट्यावर लाव रं!" त्याच्या काट्यावर माल लागला की शेतकरी निवांत चहाला जायचे. पाठ फिरवून जाता येईल असा तेवढा एकच काटा त्या बाजारात होता.

रिबेका दहावीत गेली. हुशार पोरगी, सायन्सला जाणार म्हणायची. मंगळवार पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत त्या अकरावीच्या फीचा विषय रोज जेवणात असायचा. दिवाळीनंतर हंगाम लागला तेव्हा हंबीरराव अडत्यानं शलमोनला बाजूला घेतलं.

"पोरीची फी किती?"

"बारा हजार."

"दिली. कुरुंदवाडच्या बाळासोचे अडीचशे रवे यायचे हाईत. फडक्यावर किलोभर जादा काप. त्यो तर तुझ्याकडं बघत बी न्हाई."

बाळासो खरंच बघत नव्हता. तो चहाला गेला. गुळावर मधमाश्या घोंगावत होत्या, काट्यावर तांबडे आकडे उमटत होते, आणि शलमोन किलोभर खालचा आकडा लिहीत होता. तिसाव्या रव्याला त्यानं मान वर केली. समोर रिबेका डबा घेऊन उभी होती. ती काट्याच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. तिनं आकडा वाचला, पट्टी वाचली, डबा खाली ठेवला आणि गेली.

संध्याकाळी घरी ती पुस्तक उघडून बसली. बारा हजार ट्रंकेत गेले, तेही तिनं पाहिलं.

फेब्रुवारीत चर्चमध्ये हंगामाची उपासना झाली. त्या दिवशी मंडळी शेतातलं, परड्यातलं काहीबाही आणून देवाला वाहतात आणि उपासना झाल्यावर आवारात ते विकून पैसे मंडळीच्या कामाला देतात. भुईमुगाच्या शेंगा तोलायला रिबेकाला बसवलं होतं. तोलाईदाराची लेक, तिच्यावर कोण शंका घेणार! सगळं आटोपल्यावर शलमोनला बाकाखाली पिशवी सापडली. चार किलो शेंगा होत्या. तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला किलोमागं शंभर ग्रॅम कमी घातले होते.

शलमोननं तिचा दंड धरला आणि तिला सगळ्यांपुढं उभं केलं.

"सांग सगळ्यास्नी काय केलंस ते!"

पाळकसाहेब म्हणाले, "राहू द्या भोरे, लेकरू आहे."

"लेकरू न्हाई, चोर हाय! सांग!"

रिबेकानं बापाकडं बघितलं. ती रडली नाही. "शंभर ग्रॅमच कापलं," ती म्हणाली. "घरात शिकले त्यापेक्षा लई कमी हाय, पप्पा."

शलमोनचा हात तिच्या दंडावरून सुटला. तो बोलेल असं तिला वाटलं. ती वाट बघत उभीच राहिली. मग बायका कुजबुजायला लागल्या, तिच्या गायनमंडळातल्या पोरी तिच्यापासून सरकून उभ्या राहिल्या. आणि बाप सगळं ऐकत गप्प राहिला.

आठ दिवस तो जेवला नाही म्हणतात. मी सांगतो, जेवला. पण ताटावर बसताना ते देवाचं वाक्य म्हणायचा थांबला. नवव्या दिवशी बाळासो गूळ घेऊन आला, तेव्हा भर सौद्यात शलमोननं सांगितलं, "बाळासो, दिवाळीनंतर तुमचा अडीचशे किलो गूळ मी कापलाय."

हंबीररावच आधी हसला. "आरं, पाद्री झालास व्हय? उद्यापासनं बाजारात दिसू नगंस."

बाळासोनं चहाचा कप शांतपणे खाली ठेवला. "पंधरा वरसं पाठ फिरवून चहा प्यालो तुझ्या जिवावर," तो म्हणाला. "पैसं घरी आणून दे. माझ्या बायकोपुढं मोज. आनि ह्या पंधरा वरसांत आणखी किती कापलंस, त्ये बी तिलाच सांग."

"बाकी कवाच न्हाई, बाळासो."

"आता कोन मानतंय?"

दहावीची परीक्षा बारा दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शलमोननं ट्रंक उघडली. रिबेका पुस्तक घेऊन बसली होती.

"त्ये माझं अकरावीचं हाईत," ती म्हणाली.

"बाळासोचं हाईत."

"आनि माझं कुठं हाईत?"

त्यानं नोटा रुमालात बांधल्या.

"पप्पा, त्या दिवशी चर्चमध्ये बोलला असता तर..." तिनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं. मग ती म्हणाली, "आता माझंच घिऊन चाललाय."

त्याची बायको मार्था चुलीपुढून म्हणाली, "जाऊ दे त्यास्नी." ती हे कुणाला म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक.

शलमोन चपला घालून बाहेर पडला. गल्लीत नळावर बायका होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. रुमाल छातीशी धरून तो कुरुंदवाडची गाडी धरायला एसटी स्टँडच्या दिशेनं चालत राहिला, कोपऱ्यावर वळला. मार्थानं मान वर केली नाही. दारात रिबेका उभी होती, बोट पुस्तकाच्या पानात तसंच ठेवून, तो दिसेनासा होईपर्यंत.